गाडी टायर का खात होती

आजच्या या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या मालवाहतूकदार मंडळाचे ज्येष्ठ सभासद दादूशेट पावसकर, व्यासपीठावर विराजमान असलेले तंत्रशाळेचे प्राचार्य महोदय, आजचे सत्कारमूर्ती, मोटार विभागाचे निदेशक आदरणीय रावजी नाटेकर सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. यमुनाबाई, सरांचे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, हातातलं काम टाकून आलेले गॅरेजवाले बंधू, स्टँडवर गाड्या लावून आलेले माझे ड्रायव्हर मित्र आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे रसिक श्रोते, आपणा सर्वांना केरू भागोजी मांडवकर याचा मनापासून नमस्कार.

माझ्या आधी दोन मान्यवर बोलले. दोघांनी सरांचं वर्णन करताना शिस्त, अभ्यास, वक्तशीरपणा असे शब्द वापरले. सगळे खरे आहेत. पण एक शब्द दोघांनीही मोठ्या खुबीनं टाळला. तो मी उच्चारला तर सर रागावणार नाहीत, कारण तो त्यांना रत्नागिरीत प्रत्येक जण पाठीमागे लावतो आणि त्यांना ते ठाऊक आहे. आमचे सर संशयी आहेत.

हसू नका. मी आदरानं बोलतोय. ड्रायव्हर म्हणाला ब्रेक चांगला आहे, सर म्हणणार, बघू. गॅरेजवाला म्हणाला नवीन बेअरिंग घातलं, सर म्हणणार, जुनं दाखव. आत्ता अध्यक्षांनी नारळ हातात दिला तेव्हा सरांनी तो कानाशी नेऊन हलवून पाहिला. पहिल्या रांगेतल्यांनी बघितलं असेल. नारळात पाणी आहे की नाही याचीसुद्धा खात्री करून घेणारा माणूस आहे हा.

आणि या संशयी माणसामुळे मी आज ताठ मानेनं इथे उभा आहे. ते कसं, एवढंच सांगायला मी आलोय. गोष्टीत दुसऱ्या एका माणसाचं नाव येणार आहे. सखारामशेट, माझे मालक. ते तिसऱ्या रांगेत बसलेत, शेजारी गंगुकाकी आहेत. काल संध्याकाळी मी घरी जाऊन त्यांची परवानगी मागितली. शेट म्हणाले, "सांगायचं तर सगळं सांग. अर्धं सांगितलंस तर लोक उरलेलं स्वतः रचतील." तेव्हा सगळं सांगतो.

गोष्ट पाच वर्षांपूर्वीची, त्र्याऐंशी सालची. तेव्हा मी सखारामशेटची मालाची गाडी चालवत होतो. इथून बर्फातली मासळी घेऊन आंबा घाट चढायचा, कोल्हापुरात माल उतरवायचा आणि येताना गूळ, कांदे, बटाटे घेऊन परत. शेटनी मला नोकरीला ठेवलं तेव्हा मी लांज्याकडच्या खेड्यातला, सातवी पास झालेला पोरगेला ड्रायव्हर. गाडी त्यांनी माझ्या हातात दिली ती घरच्या माणसाच्या हातात द्यावी तशी. किल्लीसुद्धा माझ्याकडेच असायची. दुसरी त्यांच्या कपाटात.

त्या वर्षी शिमगा झाला, मी गावाहून परत आलो आणि थोड्याच दिवसांत गाडी टायर खायला लागली.

इथे काही भगिनी बसल्या आहेत, काही शाळेतले गुरुजी आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. गाडी टायर खाते म्हणजे टायर जेवढा चालायला हवा तेवढा चालत नाही, आणि सगळीकडून सारखा न झिजता एका बाजूनं संपतो. आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा टायर आतल्या कडेनं असा गेला होता, की कुणीतरी कानशीनं घासलाय. उरलेल्या बाजूची नक्षी शाबूत आणि आतल्या कडेला मात्र आतले दोरे दिसायला लागलेले. शेटनी नवीन टायर घातला. तोही तसाच गेला.

मी म्हटलं, पुढच्या चाकांची अलाइनमेंट बिघडली असेल. कोल्हापुरात करून घेतली. फरक नाही. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे बुश बदलले. फरक नाही. शॉकअप बदलले. गाडी जरा कमी उसळायला लागली, पण टायर खायची ती खातच राहिली. आणि घाट उतरताना मला आणखी एक गोष्ट जाणवायला लागली. ब्रेक दाबला की गाडीची शेपूट जरा सरकायची. फार नाही. म्हैस पाठीवर माशी बसली की अंग थरथरवते ना, तेवढंच. मी शेटना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

त्या बघण्यातच मला कळायला हवं होतं.

सभ्य गृहस्थहो, संशय दारातून येत नाही. तो कधी आत आला हे कळत नाही, आणि कळतं तेव्हा तो आपल्याच ताटाशेजारी बसलेला असतो. आधी शेटनी किल्ली मागून घेतली. म्हणाले, "घरीच राहू दे, सुटी असली की माझ्याकडे देत जा." मी दिली. मग मासळी भरताना ते स्वतः येऊन पेट्या मोजायला लागले. मग एकदा पंक्चर झालं म्हणून मी चाक उतरवलं, तर टायरच्या आतल्या बाजूला तापल्या सळीनं डागलेली एक खूण दिसली. फुलीसारखी. मी बघत बसलो. ही खूण कशासाठी, हे समजायला मला पंक्चर काढण्याइतकाही वेळ लागला नाही. शेटना वाटत होतं, की मी नवीन टायर वाटेत विकतो आणि जुना चढवून आणतो.

साखरप्याला धाकूचं हॉटेल आहे. घाट चढायच्या आधी आम्ही सगळे तिथे चहाला थांबतो. धाकू माझा दोस्त. पण त्या दिवसांत मी गेलो की तो चहा देताना माझ्याकडे न बघता गाडीकडे बघायचा. किती वाकलीय, किती भरलीय. एकदा मी थेट विचारलं, "धाकू, काय शोधतोयस?" तो म्हणाला, "काय नाय रे, बघतो आपला." माणूस जेव्हा "बघतो आपला" म्हणतो तेव्हा तो आपला नसतो, दुसऱ्या कुणासाठी तरी बघत असतो. पुढे मला कळलं, शेटनी त्याला सांगून ठेवलं होतं की केरूची गाडी कधी जाते, कधी येते, परतताना दुसऱ्याचा चोरटा माल तर भरलेला नसतो, यावर नजर ठेव.

आणि मी? मी काय साधू होतो? मीही संशय घ्यायला लागलो. टायरवाल्यावर घेतला, की त्यानं नवा म्हणून जुनाच रिमोल्ड केलेला टायर दिला. अलाइनमेंटवाल्यावर घेतला. शेटवर घेतला, की यांना मला काढायचंय, म्हणून हे नाटक चाललंय. गाडीत बसलो की आरशात मागची गाडी बघायचो. तीच गाडी दोन वळणं मागे राहिली की वाटायचं, ही आपल्या मागावर आहे.

घरी माझी बायको, गोदा. ती आज आलेली नाही, तिला भाषणं आवडत नाहीत. एकदा मी जेवायला बसलो तर तिनं भात वाढला आणि समोर बसली. म्हणाली, "मना एक सांगा. कोणाचा माल नेतांव काय तुमी?"

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पायजे? स्टँडवरच्या बायका माज्याशी बोलायच्या थांबल्यात. माज्याकडे बघून गप बसतात."

"आणि तुला काय वाटतं?"

ती उठून पाणी आणायला गेली. हो म्हणाली असती तर मी भांडलो असतो. नाही म्हणाली असती तर मी जेवलो असतो. ती गप्प बसली, आणि भात तसाच राहिला.

शेवटी एका रविवारी सकाळी शेटनी मला आवारात बोलावलं. गाडी तिथेच उभी होती. शेजारी खाकी पँटमधला एक उंच माणूस हात मागे बांधून उभा. मी त्यांना ओळखत होतो, बोललो कधी नव्हतो. शेट म्हणाले, "हे तंत्रशाळेचे नाटेकर सर. सुटीच्या दिवशी माझ्यासाठी आलेत. गाडीला काय झालंय ते हे सांगतील. गाडीला काही झालेलं नाही असं निघालं, तर तुझं मी आणि पोलीस बघू."

तर अशी माझी आणि सरांची पहिली भेट. मी नमस्कार केला. सरांनी नमस्कार घेतला नाही. म्हणाले, "तुझ्यावर माझा विश्वास नाही."

मी म्हटलं, "सर, आपण मला पहिल्यांदाच बघताय."

"म्हणूनच." मग शेटकडे वळून म्हणाले, "तुमच्यावरही नाही. तुम्ही दोघंही तिथे सावलीत बसा आणि विचारल्याशिवाय बोलू नका."

खरं सांगतो मंडळी, त्या वाक्यानं मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. तोवर सगळे फक्त माझ्यावर संशय घेत होते. हा पहिला माणूस भेटला जो मालकावरही घेत होता.

सर पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले. टायरवरून तळवा आडवा फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. तुम्ही विद्यार्थ्यांनी त्यांना हे करताना शेकडो वेळा बघितलं असेल. मग मागच्या चाकांशी गेले. तिथेही तसंच. मग म्हणाले, "माल जास्त भरणारा ड्रायव्हर असेल तर मागचे टायर आधी ओरडतात, आणि ते दोन्ही कडांनी झिजतात. हे मागचे टायर सारखे आहेत. तेव्हा चोरटा माल, जादा माल, हे सोडून द्या."

मी उठून उभाच राहिलो. सर म्हणाले, "बस खाली. तू सुटलेला नाहीस."

त्यांनी माझ्याकडून चाक उतरवून घेतलं, आतली ती फुली बघितली. "ही कुणाची?"

शेट म्हणाले, "माझी."

"म्हणजे टायर तोच आहे. बदललेला नाही. तुमचा हाही संशय गेला." आणि लगेच माझ्याकडे, "आता माझा. तू गाडी कुठेतरी दगडावर घातलीस, पुढचा एक्सल वाकलाय आणि तू लपवतोयस."

मी शपथा घ्यायला लागलो. आईची, देवाची. सरांनी हात वर केला. "शपथेनं एक्सल सरळ होत नाही." त्यांनी दोरा ताणून एक्सल तपासला. बराच वेळ तपासला. मग उठले, हात पुसले आणि म्हणाले, "एक्सल सरळ आहे. मी चुकलो." एवढंच. चुकलो म्हणताना त्यांना ना लाज वाटली ना वाईट. पुढच्या संशयाकडे वळले. शिकवणाऱ्या माणसानं आपल्या तोंडानं मी चुकलो म्हणावं आणि ते इतकं सहज, हे मी तोवर बघितलेलं नव्हतं.

मग ते उजव्या चाकाशी गेले. त्या टायरकडे आम्ही कुणी लक्षच दिलं नव्हतं. तो बाहेरच्या कडेनं थोडा झिजला होता, पण घाटातली वळणं घेऊन तसं होतं असं मी समजत होतो. सर तिथे बसले आणि मला म्हणाले, "इकडे ये. डावा टायर कुठे झिजलाय?"

"आतल्या कडेला."

"आतली कडा म्हणजे गाडीच्या कुठल्या अंगाला?"

मी विचार केला. "उजव्या."

"आणि हा उजवा टायर बाहेरून झिजलाय. म्हणजे?"

"तोही उजव्या अंगाला."

"माणसाच्या दोन्ही चपला आतून झिजल्या तर दोष पायात. पण दोन्ही एकाच अंगाला झिजल्या तर पायाला दोष देऊ नये. तो माणूस कमरेतून तिरका चालतोय. तुमची अलाइनमेंट, तुमचे बुश, सगळे पुढच्या चाकांना धरून बसले होते. पुढची चाकं बिचारी मागच्यांचं निस्तरत होती. ही गाडी खेकड्यासारखी चालते."

शेटना ते पटलं नाही. म्हणाले, "मी तर रोज बघतो, सरळ चालते."

"बघू," सर म्हणाले.

त्यांनी आवारातली तांबडी माती पाण्यानं भिजवून घेतली आणि किल्ली मागितली. मी पुढे झालो तर म्हणाले, "तू नको. तू मुद्दाम तिरकी चालवशील." शेट पुढे झाले तर म्हणाले, "तुम्हीही नको. तुम्ही मुद्दाम सरळ चालवाल." स्वतः बसले आणि गाडी सावकाश ओल्या मातीवरून नेली. आम्ही मागे जाऊन बघितलं. पुढच्या चाकांच्या खुणा एका रेषेत आणि मागच्या चाकांच्या त्यांना सोडून एका बाजूला. चिखलात लिहिलेलं स्वच्छ दिसत होतं. मग त्यांनी एक लांब काठी घेऊन पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मापलं. उजव्या बाजूनं काठी बरोबर बसली. डाव्या बाजूनं दोन बोटं कमी पडली. मागचा एक्सल डाव्या बाजूनं मागे सरकलेला होता.

सर गोणपाट अंथरून गाडीखाली गेले. नुसते पाय दिसत होते. मला वाटलं, आता जे काही निघेल त्यावर माझी भाकरी अवलंबून आहे. शेट सुपारी कातरत होते, पण सुपारी तोंडात टाकत नव्हते.

खालून सरांचा आवाज आला, "मागच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम कुणी केलंय?"

मी म्हटलं, "कुणीच नाही सर. त्याला कधी हातच लावलेला नाही."

"खोटं बोलू नकोस. पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या नटांना नवा डांबराचा हात मारलाय, झाकायला. आणि पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट मूळचा नाही. रस्त्यावरच्या कुणी तरी मिळाला तो बारीक बोल्ट घातलाय. चाक कशावर तरी जोरात आदळलं, जुना बोल्ट तुटला, एक्सल सरकला, आणि तो तसाच सरकलेला आवळून टाकला." सर बाहेर आले. तोंडाला माती. माझ्यासमोर उभे राहिले. "हा बारीक बोल्ट तू घाटात घेऊन फिरतोयस. भरलेल्या गाडीनं उतारावर तो तुटला असता तर तुला कुणी शोधायलासुद्धा खाली उतरलं नसतं. ब्रेक दाबला की शेपूट सरकायची का?"

"सरकायची. मी शेटना सांगितलं होतं."

सरांनी शेटकडे बघितलं. शेट म्हणाले, "सांगितलं होतं. मला वाटलं, सबब सांगतोय."

चोरीच्या आळापेक्षा ती दरी मोठी होती, आणि मी रोज तिच्या कडेनं चहा पिऊन जात होतो.

शेट म्हणाले, "यानंच आदळली आणि यानंच बोल्ट घातला."

सरांनी मला विचारलं, "हे कधीपासून?"

"शिमग्यानंतर. मी गावाहून आलो त्यानंतर."

"गावी होतास याला साक्षीदार?"

मी म्हटलं, "सर, मी ग्रामदेवतेची पालखी नाचवली. अख्खा गाव साक्षीदार आहे."

"गाडी तेव्हा कुठे होती?"

शेट म्हणाले, "इथे. आवारात."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो!"

"तुम्ही म्हणता म्हणूनच विचारतोय," सर म्हणाले. "हा तर गावी होता. गाडीची दुसरी किल्ली तुमच्या घरात असते ना?"

शेटची अडकित्त्यातली सुपारी तशीच. तेवढ्यात गंगुकाकी कोकम सरबताचे पेले घेऊन ओट्यावर आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "मी सांगते."

शेट म्हणाले, "तू आत जा."

"नाय जात. किती दिस आत जाव?" त्यांनी तबक ओट्यावर ठेवलं. "शिमग्याला आमी पूर्णगडाला गेलेलो, माज्या भावाकडे. गाडी घेऊन. मी ह्यांच्या बाजूला बसलेले. दिवस मावळताना परत येत व्हतो. रस्त्यात मोरी आली, मना दिसली, ह्यांना दिसली नाय. मागचा चाक कठड्यावर घातलानी. एवढा मोठा आवाज झाला, मी देवाचा नाव घेतला. मग कुठचातरी फिटर आणून बोल्ट घालून घेतलानी. मना बोलले, केरूला सांगू नको."

शेट म्हणाले, "गंगू..."

"वरीस झाला, ह्यांना संध्याकाळचा नीट दिसत नाय. डॉक्टरकडे चला म्हटला तर येत नायत. सगळ्यांना वाटेल मालक आंधळा झाला, म्हणून. हा पोरगा रोज घाट उतरतो आणि ह्यांना आपल्या डोळ्यांची लाज वाटते."

मला वाटलं, आता शेट ओरडतील. शेट पायरीवर बसले. मग म्हणाले, "सर, मी मुद्दाम याच्यावर घातलं नाही. बोल्ट घातला, गाडी चालायला लागली, मला वाटलं संपलं. मागच्या बोल्टाचा पुढच्या टायरशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. टायर जायला लागले तेव्हा मला हा चोर वाटला तो खराच वाटला."

सरांनी त्यांच्याकडे, जसा टायर बघतात तसं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं बघितलं. म्हणाले, "हे मला पटतं. लबाडी करणाऱ्यानं मला बोलावलंच नसतं." मग सरबताचा पेला उचलला, वास घेतला आणि प्याले. "पण गाडी आज इथून हलणार नाही. आणि तुम्हीही परत गाडीत बसणार नाही, डोळे दाखवल्याशिवाय."

तो अख्खा रविवार सरांनी शेटच्या आवारात घालवला. पाटे उतरवले, योग्य जाडीचा सेंटर बोल्ट आणवला, एक्सल जागेवर घेतला, यू-बोल्ट नवे घातले आणि प्रत्येक नट माझ्याकडून आवळून घेऊन परत स्वतः आवळून बघितला. का? कारण माझ्यावर विश्वास नव्हता!

घरी गेलो तर गोदा दारातच होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुमी गेलांव तवा मी देवासमोर बसलेले."

मी म्हटलं, "माझ्यासाठी मागितलंस?"

"नाय. मी बोलले, खरा काय असेल तां दिसू दे." आणि जरा थांबून म्हणाली, "मना भ्या वाटत व्हता. तरी तेच मागितला."

मला ते ऐकून राग यायला हवा होता. नाही आला. डोळे मिटून माझी बाजू घेणाऱ्या बायकोपेक्षा, भीत भीत खरं मागणारी बायको मला त्या दिवशी जवळची वाटली. त्या दिवशी मी दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली तर शेट येऊन शेजारी बसले. मला वाटलं, अजून पहारा आहे. साखरप्याला धाकूच्या हॉटेलात गाडी थांबवायला लावली. आत गेले. हॉटेल ड्रायव्हरांनी भरलेलं. शेट उभ्यानंच म्हणाले, "धाकू, केरूवर नजर ठेव म्हणून मी तुला सांगितलं होतं ना? गाडी मी आदळली होती. केरूचा काडीचाही दोष नव्हता." सगळं हॉटेल बघत राहिलं. शेट बसले आणि म्हणाले, "याला आधी चहा दे." तिथून त्यांना मी कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आज त्यांना तिसऱ्या रांगेतून माझ्या मागचा फलक वाचता येतो. मघाशी त्यांनीच मला खुणावलं, की सरांच्या नावात वेलांटी चुकली आहे. संयोजकांनी मनावर घेऊ नये.

पुढे महिना-दोन महिन्यांनी सर स्टँडवर यायचे, माझ्या गाडीच्या टायरवरून तळवा फिरवायचे आणि काही न बोलता जायचे. टायर सारखा झिजत होता. मी एकदा विचारलं, "सर, आता तरी माझ्यावर विश्वास बसला ना?" म्हणाले, "टायरवर बसला."

मग सरांच्या मुलीचं, राहीताईचं लग्न ठरलं. सासर मलकापूरकडचं, म्हणजे घाटावर. सर स्टँडवर आले. इतक्या गाड्या उभ्या असताना माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "वऱ्हाड न्यायचंय. तुझी गाडी पाहिजे." गाडीखाली शिरतील म्हणून मी गोणपाट काढलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

लग्न छान झालं. परतताना दुपार होती. मागे वऱ्हाडी मंडळी गाणी म्हणत होती. पुढे माझ्या शेजारी सर आणि खिडकीशी यमुनाबाई. मुलीला निरोप देऊन आलेली ती दोघं काही बोलत नव्हती. घाट सुरू झाला. मी गिअर टाकला, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. मला वाटलं, आता सर ब्रेकबद्दल काहीतरी विचारतील. विचारलं नाही. मी वळून बघितलं.

सर झोपले होते. आंबा घाटाच्या उतारावर, गाडीत त्यांचं सगळं गणगोत बसलेलं असताना, त्यांचं डोकं हळूच कलंडून माझ्या खांद्यावर आलं होतं. यमुनाबाई त्यांना हलवायला गेल्या. मी म्हटलं, "राहू दे वहिनी." आणि घाट संपेपर्यंत मी खांदा हलवला नाही.

सर, मला आजवर कुणी दिलेलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र आहे. ते तुम्ही झोपेत दिलंत, तेव्हा तुम्हाला परत घेता येणार नाही.

आपण आता निवृत्त होताय. आपल्याला आणि यमुनाबाईंना उदंड आयुष्य लाभो. सखारामशेट आणि गंगुकाकींनी ही गोष्ट चारचौघांत सांगू दिली, त्यांचा मी शतशः ऋणी आहे. अध्यक्षमहाराजांनी मला वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल आभार. ड्रायव्हर माणूस आहे, शब्द भरताना कुठे जादा भरले गेले असतील, कुठे वळण चुकलं असेल, कुणाच्या मनाला धक्का लागला असेल, तर आपलाच समजून पदरात घ्या.

नमस्कार.